सेनाधिकाऱ्याचे शिक्षण आणि मानव्यविद्या

(केडगाव, ता. दौंड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



केडगावचे मुक्ती सदन पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उभे केले, हे या परिसरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते इथेच का उभे राहिले, ही हकिगत मात्र क्वचितच सांगितली जाते. मध्य प्रांतातील दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो निराधार मुली आणि विधवा सोडवून आणल्या, तेव्हा 1897 साल उजाडले होते आणि पुण्यात प्लेग होता. शहरात या नव्या मुलींना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. रेल्वेमार्गालगत केडगावला रमाबाईंची शेतजमीन होती. तिथे तंबू आणि छपरे टाकून त्यांची सोय करण्यात आली.

सेनाधिकाऱ्याच्या शिक्षणावर बोलताना प्लेगपासून सुरुवात करण्यास कारण आहे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या आणि त्या कामी सैन्य लावण्यात आले. गोरे शिपाई स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले. सामान बाहेर काढून जाळण्यात आले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी उठल्या. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीविषयी रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन' पत्रात लिहिले. रमाबाई ख्रिस्ती होत्या, पुण्याच्या सनातनी पुढाऱ्यांशी त्यांचे उभे वैर होते. त्यामुळे हा राजकीय कांगावा आहे असे म्हणण्याची सोय सरकारला नव्हती. 22 जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

आता त्या शिपायांकडे पाहावे. त्यांतले सगळेच दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. साथ आटोक्यात आणणे हा हेतू गैर नव्हता, आणि शिस्तीत तर हे सैन्य कुठे कमी नव्हते. परंतु ज्या घराचा उंबरा ते ओलांडत होते त्या घराविषयी त्यांना काडीचीही माहिती नव्हती, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना ती करून घ्यावीशी वाटली नव्हती. परक्या सत्तेला असे अज्ञान परवडते, निदान काही काळ तरी परवडते. लोकांच्या राज्याला ते परवडत नाही.

पुण्याच्या पलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. 16 जानेवारी 1955 रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. भूदल, नौदल आणि वायुदल यांचे भावी अधिकारी तिथे एकत्र शिकतात आणि 1974 पासून त्यांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. विज्ञान, संगणक आणि तंत्रविज्ञान यांच्या जोडीला इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा हे विषयही आहेत. 2022 साली तिथे मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी तिच्यातील 17 जणी बाहेर पडल्या. संस्थेची रचना करणाऱ्यांनी मानव्यविद्यांना जागा दिली आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न त्या जागेच्या मानाचा आहे. गणित ज्याला जमत नाही त्याने इतिहास घ्यावा, ही समजूत समाजात आहे आणि ती छावणीच्या फाटकाशी थांबत नाही.

यावर आक्षेप असा येतो की युद्ध आता यंत्रांचे झाले आहे. राज्यशास्त्र वाचून रणगाडा चालत नाही. खरे आहे. पण अधिकारी रणगाडा चालवीत नाही, तो माणसे चालवतो. शिवाय त्याच्या सेवाकाळातले किती दिवस रणांगणावर जातात? 1993 साली किल्लारीच्या ढिगाऱ्यांवर सैन्य होते, 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरातही होते. दंगलीत जमाव पांगवण्यासाठी दंडाधिकारी त्यालाच बोलावतो, आणि किती बळ वापरावे, कोठे थांबावे, याचे उत्तर कवायतीत सापडत नाही.

कोरियाचे उदाहरण पाहा. 1953 साली युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास तयार नसलेले सुमारे 22,600 चिनी आणि कोरियन युद्धकैदी भारतीय दलाच्या ताब्यात आले. या दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात होते. सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआत ओढून नेले. थोरात स्वतः त्या संतप्त गर्दीत गेले, बोलले, आणि गोळी न झाडता त्या अधिकाऱ्याची सुटका झाली. दर वेळी असे घडले नाही. ऑक्टोबरात गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. तरीही समोरचा कैदी कशाला भितो, त्याचा अभिमान कोठे दुखावतो, हे ओळखण्याची ताकद त्या दिवशी बंदुकीहून अधिक उपयोगी पडली.

मात्र पुस्तके वाचल्याने माणूस सज्जन होतो, असा भाबडेपणा नको. हिटलरच्या सैन्यातले कितीतरी अधिकारी वाङ्मय-संगीताचे जाणकार होते. त्याने पूर्व आघाडीवरच्या कत्तली थांबल्या नाहीत. कोणता इतिहास शिकवला जातो, यावर सारे आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाची 1 जानेवारी 1818 ची लढाई नकाशावर बाण काढूनही शिकवता येते. पण तिथे कंपनीच्या बाजूने लढलेल्या महार शिपायांच्या वंशजांना त्याच इंग्रजांनी पुढे 'लढाऊ जात' नाही म्हणून भरतीतून वगळले, आणि महार रेजिमेंट उभी राहण्यास 1941 उजाडावे लागले, हेही त्याच लढाईच्या इतिहासात येते. नाना जातींचे जवान ज्याच्या हाताखाली येणार, त्या अधिकाऱ्याला हा उत्तरार्ध न शिकवणे ही त्याची फसवणूक आहे.

अखेरीस प्रवेशाचा मुद्दा. प्रबोधिनीच्या भूदल शाखेसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. परंतु लेखी परीक्षेच्या 900 गुणांत 300 गुणांची गणिताची पत्रिका सर्वांना सक्तीची आहे. म्हणजे गणित सोडून कला शाखेत गेलेल्या केडगाव-दौंडच्या मुलामुलींना दार उघडे आहे, पण पायरीच नाही. तोफखान्याला गणित सुटत नाही, हे मान्य. तरी भूदलाच्या उमेदवाराला गणिताच्या निम्म्या गुणांऐवजी इतिहास-समाजशास्त्राची पत्रिका घेता यावी, ही मागणी संसदेत मांडण्याजोगी आहे. तिला पहिला विरोध सैन्याकडून होणार नाही, शहरातल्या क्लासवाल्यांकडून होईल. कार्यकर्त्यांनी त्याची तयारी ठेवावी.