गुणांची पारख आणि पैशाची वाट



पैसा गुणामागें जातो, असें सांप्रत वारंवार ऐकूं येतें. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रांत नवा उद्योग, म्हणजे ज्यास स्टार्टअप म्हणतात तो, काढूं पाहणाऱ्या तरुणांस भांडवल देणारे धनिक सांगतात, "आम्ही जात, वर्ण, कूळ पाहात नाहीं, कल्पना आणि कर्तृत्व पाहतों." हें म्हणणें प्रामाणिक असूं शकेल. तें खरें आहे काय, एवढाच आज विचार करूं.

प्रथम या भांडवलाची रीत ध्यानांत घ्यावी. बँक कर्ज देतांना बहुधा तारण मागते. स्टार्टअपला भांडवल देणारा तारण मागत नाहीं. तो भागीदार होतो, आणि उद्योग बुडाला तर त्याचाहि पैसा बुडतो. उद्योग अद्याप उभाच नसल्यामुळें वहीखातें पाहावयाचें नसतें, माणूस पाहावयाचा असतो. आणि माणूस पाहतांना काय पाहिलें जातें? तो कोणत्या विद्यालयांत शिकला, शिफारस कोणाची आहे, इंग्रजी कसें बोलतो, आपल्यापैकीं वाटतो कीं नाहीं. यांत जातीचें नांव कोठेंच येत नाहीं. पण प्रत्येक गोष्टींत पिढ्यान् पिढ्यांचा संचय दडलेला असतो.

अमेरिकेंत कृष्णवर्णीयांचें प्रमाण लोकसंख्येंत शेकडा सुमारें १३ आहे. परंतु त्यांनीं काढलेल्या उद्योगांस अशा भांडवलांतून अलीकडच्या वर्षांत शेकडा २ हूनहि कमी वाटा मिळाला आहे. कोणी म्हणेल, त्यांच्यांत गुणच कमी असतील. या शंकेस आपल्याच देशांतील एका प्रयोगानें उत्तर दिलें आहे. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनीं खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींस सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक काय तो नांवांचा. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत, उच्चवर्णीय नांवाच्या मानानें दलित नांवाच्या अर्जास बोलावणें येण्याची शक्यता सुमारें दोन-तृतीयांश भरली. प्रयोग नोकरीचा खरा. पण भांडवल देणाराचे डोळे निराळ्या मातीचे घडविलेले नसतात.

आतां जवळचें उदाहरण घेऊं. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्स हा कारखाना १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनें कामगारांनीं स्वतः चालविण्यास घेतला. तरी तो कर्जांत रुतला. पुढें श्रीमती कल्पना सरोज यांनीं तो सावरला व आपल्या वाड्यास आणला. अकोला जिल्ह्यांतील दलित कुटुंबांतील ही मुलगी. बाराव्या वर्षीं तिचें लग्न झालें. तिच्या आरंभींच्या भांडवलांत सरकारी योजनेंतून घेतलेलें ५०,००० रुपयांचें कर्ज होतें. २०१३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. गुण त्यांच्या अंगीं मूळचाच होता; पण तें पहिलें कर्ज नाकारलें गेलें असतें, तर तो जगाच्या दृष्टीस पडला असता काय?

हें ओळखूनच श्री. मिलिंद कांबळे यांनीं २००५ सालीं पुण्यास दलित उद्योजकांची संघटना, 'डिक्की', स्थापन केली. २०२० सालीं केंद्र सरकारनें डॉ. आंबेडकरांच्या नांवानें योजना काढली. तींत नव्या तंत्रकल्पना असणाऱ्या अनुसूचित जातींच्या तरुणांस तीन वर्षांत ३० लाख रुपये भागभांडवल देण्याचें ठरलें.

यावर आक्षेप येतो कीं, यामुळें गुणवत्तेस बाध येतो. माझा पेशा शिक्षकाचा. मी परीक्षेच्या भाषेंत उत्तर देतों. एका मुलास प्रश्नपत्रिका दिली, दुसऱ्यास वर्गाबाहेर उभें ठेवलें, आणि निकालांत नांव नाहीं म्हणून दुसऱ्यास नापास ठरविलें, तर त्यास परीक्षा कोण म्हणेल? दुसऱ्यास वर्गांत बसविणें म्हणजे त्यास गुण वाढवून देणें नव्हे.

आमच्या वैतरणेवर मोडकसागर व मध्य वैतरणा हीं धरणें आहेत. त्यांचें पाणी मुंबईस जातें, आणि इकडे कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका डोक्यावरून हंडे वाहतात. मुंबईची तहान अधिक खरी, म्हणून हें होतें काय? नाहीं, नळ तिकडे घातले म्हणून. पैशाचेंहि तसेंच आहे. तो गुणाचा उतार पाहून वाहात नाहीं. घातलेल्या नळांतून वाहतो.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आमच्या पाड्यांवरचीं मुलें यंत्रें चालवितात. त्यांपैकीं एखाद्याच्या मनांत नव्या यंत्राची कल्पना असेल, तर ती ऐकावयास कोण बसलें आहे? भांडवलवाल्यांस माझी विनंति एवढीच: पहिल्या निवडींत अर्जदाराचें नांव व विद्यालय झांकून ठेवा, वर्षांतून कांहीं दिवस पालघरास येऊन मराठींत ऐका, आणि कोणास कां नाकारलें, हें लिहून ठेवा. यांत दया मागितलेली नाहीं. गुणाची पारख आम्ही करतों, असें जे म्हणतात, त्यांनीं ती खरोखर करावी, इतकेंच मागणें आहे.