एकसष्टावे मूल
(येलदरी येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतील वाढती गर्दी आणि प्रवेशाची हद्द या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. रोज सकाळी हजेरीपट घेऊन वर्गात शिरणारा साधा शिक्षक आहे. तेव्हा जे हजेरीपटात दिसते तेवढेच सांगेन.

माझ्या वर्गात आज अडुसष्ट मुले आहेत. दोन तुकड्यांना दोन शिक्षक मंजूर आहेत, पण एक जागा रिकामी असल्याने तुकड्या एकत्र कराव्या लागल्या. एका बाकावर तीन मुले बसतात, मागच्या भिंतीलगतची सतरंजीवर. एक वही तपासायला दोन मिनिटे धरली तरी अडुसष्ट वह्यांना दोन तास सोळा मिनिटे लागतात, आणि तास असतो पस्तीस मिनिटांचा. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला मी जेमतेम अर्धा मिनिट येतो. जो मुलगा मोठ्याने बोलतो त्याला अर्ध्याऐवजी दोन मिनिटे मिळतात, आणि जी मुलगी तिसऱ्या बाकावर कोपऱ्यात गप्प बसते तिला काहीच मिळत नाही. ती हुशार आहे की कच्ची, हे मला सहामाही परीक्षेपर्यंत कळत नाही. हे मी लाजेने सांगतो आहे.

यावर उपाय म्हणून संस्थेपुढे एक ठराव आला आहे. तालुक्याच्या गावी असलेल्या आपल्या शाळेत येत्या जूनपासून पहिलीला फक्त त्या गावातील मोहल्ल्यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा, येलदरी व इतर बाहेरगावच्या मुलांनी आपापल्या गावी शिकावे, असा त्याचा आशय आहे. गेल्या बैठकीत यावर बरीच गरमागरमी झाली. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या दारातली शाळा, आमच्याच पोरांना जागा नाही, आणि बाहेरगावची पोरं आत!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यावर बाहेरगावची एक माता उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या गावातही शाळा आहे. मग तिथे पुरे शिक्षक का नाहीत, ते आधी सांगा." या प्रश्नाने सभा गप्प झाली. आज मला त्या बाईंना उत्तर द्यायचे आहे. ते देता देता माझीही पंचाईत होणार आहे, ती शेवटी सांगतो.

प्रथम कायद्याचे बघू, कारण आपल्या लोकांत त्याविषयी बरेच गैरसमज आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. पुष्कळ पालकांना वाटते की ही हद्द त्यांच्यावर घातलेली आहे. तसे नाही. हे बंधन शासनावर आहे. शाळा जवळ द्यायची जबाबदारी शासनाची. मूल तिथेच घाला अशी सक्ती पालकावर नाही. थोडक्यात, आपल्या गावातून शाळेची हद्द कोणी अधिकारी नकाशावर आखत नाही. ती आपणच आखतो, दरवर्षी जूनमध्ये, रिक्षावाल्याशी महिन्याचा दर ठरवताना.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकांचे प्रमाण दिले आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. एकसष्ट ते नव्वद असतील तर तीन. साठ मुले असली तर दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळणार. एक गुरुजी पहिली-दुसरीला बाराखडी घालून देणार आणि त्याच वेळी तिसरीला पाढे म्हणायला लावणार. एकसष्टावे मूल आले की तिसरा शिक्षक. एका मुलाने शाळेचे रूप पालटते. त्याचप्रमाणे एक मूल गेले तरी पालटते, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

हा हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावर होतो. त्या दिवशी जी नावे पटावर, तीच शाळेची. त्यातही अलीकडे आधार कार्डाशी नाव जुळलेले असावे लागते. येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती आपल्याच घरांत जास्त घडते. शाळेच्या दाखल्यावर "शेख" आधी आणि पुन्हा वडिलांच्या नावाआधी "शेख". आधारवर एकच "शेख", तोही शेवटी. मूल रोज डोळ्यांसमोर बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते, आणि संगणक म्हणतो की हे मूल जुळत नाही. कृपा करून घरी गेल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

तसेच, एकाच मुलाचे नाव दोन शाळांत घालून ठेवण्याची सवय काही पालकांना होती. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पटावरची खोटी नावे उघडकीस आली आणि त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सबंध राज्याची पटपडताळणी झाली, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. खोट्या पटावर घेतलेला शिक्षक दुसऱ्या कोणत्या तरी खऱ्या पटाच्या शाळेच्या वाट्याचा असतो.

आता ऊसतोडीचे. आपल्या भागातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात. सप्टेंबरच्या पटावर मूल असते, जानेवारीत बाक रिकामा. ज्या शाळेत ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती तिथे माघात वर्ग ओस पडतो. म्हणून कोणी गर्दी म्हणाले की मी विचारतो, कोणत्या महिन्यातली?

सरकारनेही हा प्रश्न उलट्या बाजूने हाती घेऊन पाहिला. राज्यात वीसहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत असे सांगून सप्टेंबर २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही त्याची उदाहरणे म्हणून पुढे केली गेली. पालकांनी व शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला. बस लागेल तर सहा वर्षांची पोर बसने कशी जाईल, हा त्यांचा साधा सवाल होता. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या पदमंजुरीचे निकष बदलले. त्यात असलेले पद टिकवायला लागणारा पट वेगळा आणि नवे पद मिळवायला लागणारा पट त्याहून अधिक. म्हणजे गेलेला शिक्षक परत आणणे हे असलेला राखण्यापेक्षा अवघड झाले.

काही जण म्हणतील, आपली संस्था अल्पसंख्याकांची, आपल्याला या कायद्याचे काय? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्याच्या बाहेर ठेवले हे खरे आहे. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने सुचविले, हेही खरे आहे. परंतु अनुदानित शाळेतील पदे शासनच मंजूर करते. पटाचा हिशेब कोणालाच चुकत नाही.

हद्दीचा वाद केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. अमेरिकेत मुलाने कोणत्या शाळेत जायचे ते घराच्या पत्त्यावरून ठरते. तेथे टोपेका नावाच्या गावात लिंडा ब्राउन ही काळी मुलगी राहत असे. घराजवळची शाळा गोऱ्यांची म्हणून तिला लांबच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांसह अनेक पालकांनी दावा लावला आणि १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने रंगावरून शाळा वेगळ्या करणे बेकायदेशीर ठरविले. पण वस्त्या वेगळ्याच राहिल्या, त्यामुळे हद्दीच्या रेषेने तेच काम पुढे चालू ठेवले. मग हद्दी बदलून मुलांना बसने दुसऱ्या वस्तीत नेण्याचे हुकूम निघाले, आणि १९७४ साली बोस्टन शहरात लहान मुलांच्या बसवर दगड पडले. रेषा आखताना आखणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, ती कोणाच्या दारावरून जाते हे बघावेच लागते.

आपल्याकडेही कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच. परिसरातील श्रीमंत-गरीब, सर्व जातिधर्मांची मुले एकाच शाळेत बसावीत, म्हणजे वजनदार पालकही त्या शाळेची काळजी करतील, असे त्यामागचे सूत्र होते. ते कागदावरच राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर राज्याने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्के गरीब मुले घेण्यातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द ठरविला. एक किलोमीटरची तीच रेषा. एकदा मुलाला शाळा देण्यासाठी, एकदा मुलाला शाळेबाहेर ठेवण्यासाठी.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आपण लांबच्या शाळेत मूल घालतो ते पुष्कळदा उर्दूसाठी. मला ते मान्य आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ सांगते. निजामाच्या अमदानीत राज्याची भाषा उर्दू होती आणि या मराठवाड्यातील मराठी मुलांना परक्या भाषेतून शिकण्याचे कष्ट सोसावे लागले, हेही आपण विसरू नये. ज्यांनी तो त्रास पाहिला त्यांच्या शेजारी राहून आज आपण आपल्या भाषेचा हक्क मागतो, तो नम्रपणे व आकडे घेऊन मागावा. ज्या वस्तीजवळ उर्दू वर्ग आहे तिथला पट राखा. ज्या वस्तीजवळ नाही, तिथे सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची नावनिशी यादी करून जिल्हा परिषदेकडे वर्गाची मागणी करा. रिक्षात कोंबून धाडलेली वीस मुले कोणत्याच यादीत गरज म्हणून दिसत नाहीत.

ठरावाबाबत माझे मत विचाराल तर, पहिली ते चौथीपुरती हद्द असावी. पाचवीपासून ती मुळीच नसावी, विशेषतः मुलींना. पाचवीपासून बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. दहा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर एसटीने जाईल. सहा वर्षांची मुलगी रिक्षाच्या मागच्या दांडीवर बसून जाते, ते मी रोज बघतो आणि डोळे मिटून घेतो. आणि ज्या मुलीच्या गावात पुढचे वर्ग नाहीत तिच्यासमोर हद्द आखणे म्हणजे तिचे लग्न ठरविण्यासारखे आहे. वरच्या वर्गांत जागा करायची असेल तर ती खालच्या वर्गांतली गर्दी कमी करूनच होईल. ठरावात ही दुरुस्ती व्हावी, अशी माझी सूचना आहे.

येलदरीकरांना हे उदाहरण देऊन समजावण्याची गरज नाही, तरी देतो. पूर्णेवरचे हे धरण १९६८ साली पुरे झाले. पाणी येथे साठते, वीज करून खाली सिद्धेश्वरला जाते, आणि कालवे तेथून निघतात. धरण आपले, भिजते रान दुसऱ्याचे, असे येथले म्हातारे अजून म्हणतात. पण पाणी पुढे सोडतात ते मोजून, वेळ ठरवून. आपण मात्र गावोगावची मुले एका शाळेत साठवून ठेवली आहेत आणि दार कोणी, केव्हा, कुठे उघडायचे हे ठरलेलेच नाही.

आता माझी पंचाईत. मी या वाटेवरच्या एका खेड्यात राहतो. माझ्या घरापासून जिल्हा परिषदेची मराठी शाळा चार मिनिटांवर आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतच शिकलो. तरीही माझी मुलगी दुसरीत आहे ती माझ्या शाळेत; रोज मोटारसायकलच्या टाकीवर बसून येते. भावाचा मुलगाही आमच्याच पाठीमागे बसतो. गेल्या वर्षी गावच्या शाळेतील एक शिक्षिका अतिरिक्त ठरून दुसरीकडे गेल्या. जाताना त्या आमच्या घरी निरोप घ्यायला आल्या होत्या. मी सहज पट विचारला. त्या म्हणाल्या, "एकोणसाठ, सर." आणि पाण्याचा पेला खाली ठेवून माझ्या मुलीकडे बघितले. दुसरे काही बोलल्या नाहीत.

एकोणसाठ आणि दोन, एकसष्ट. गणित माझे कच्चे नाही.

येत्या जूनमध्ये मुलीचे नाव गावच्या शाळेत घालायचे, असे मी मनाशी ठरविले आहे. उर्दू मी संध्याकाळी घरी शिकवीन. गल्लीतली आणखी चार मुले आली तर ओसरीवर जागा आहे. तिच्या आईचे म्हणणे असे की, तिसरा शिक्षक येणार नसेल तर आमच्याच लेकरावर हा प्रयोग का? नव्या निकषांप्रमाणे एकसष्टावर तो येईलच असे मी तिला सांगू शकत नाही. भावाला अजून विचारलेले नाही. घरात एकमत झालेले नाही, आणि मुलगी म्हणते, मोटारसायकल सोडणार नाही.