हत्ती हवेत तरंगेल काय?



मासा पाण्यात पर न हलवता एका जागी राहू शकतो, कारण त्याच्या पोटात वायूची पिशवी असते. मग हलक्या वायूची पिशवी घेऊन हवेत तरंगणारा एखादा थोर प्राणी का नसावा? प्रश्न पोरकट वाटेल, पण तसा तो नाही.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड आहे, म्हणून माशाचे लहानशा पिशवीवर भागते. एक घनमीटर हवेचे वजन अवघे १.२ किलो. तिच्या जागी सर्वांत हलका वायू, म्हणजे हायड्रोजन, भरला तरी उचल मिळणार १.१ किलोची. चार टनांच्या हत्तीला सुमारे ३,६०० घनमीटर हायड्रोजन लागेल. म्हणजे १९ मीटर व्यासाचा गोळा, सहामजली इमारतीएवढा!

हा वायू आणायचा कोठून? जनावरांच्या पोटातले काही जंतू हायड्रोजन करतात खरे; पण दुसरे जंतू त्याचा लागलीच मिथेन करून टाकतात. गाय दिवसाकाठी अडीचशे लिटरच्या आसपास मिथेन ढेकरांवाटे सोडते. मिथेनची उचल घनमीटरला अर्धा किलो. चारशे किलोच्या गाईने एकही ढेकर न देता तो साठवला, तरी तिचे पाय जमिनीवरून सुटायला जवळजवळ नऊ वर्षे लागतील. गाय गरीब खरी, पण एवढी सोशिक नव्हे.

आता कातडीचा हिशेब पाहा. गोळ्याचा व्यास दुप्पट केला तर कातडी चौपट लागते, पण वायू आठपट मावतो. म्हणजे मोठेपणा येथे अडचण नसून सोयच आहे! एक मिलिमीटर जाडीची कातडी चौरस मीटरला एक किलो भरते. असा गोळा साडेपाच मीटर व्यासाचा झाला, की कसाबसा आपली कातडी तेवढी उचलतो. रक्त, मांस, तोंड यांचा भार पुढचा. आणि खरी गोम इथेच आहे. प्राणी जन्मतो लहान. त्या पिल्लाने एवढे मोठे होईपर्यंत ही पोकळ पिशवी वागवायची कशासाठी? उद्या उपयोगी पडेल म्हणून निसर्ग आज अवयव राखून ठेवीत नाही. कातडी दहापट पातळ केली, तर अर्ध्या मीटरचा गोळाही स्वतःला उचलील. पण हायड्रोजन झिरपण्यात पटाईत, आणि बाभळीचा एक काटा पुरे.

१९७६ साली कार्ल सेगन आणि एडविन साल्पीटर या शास्त्रज्ञांनी गुरू ग्रहावर असे प्राणी कल्पिले. तेथे काटा नाही, आणि जमीनही नाही. पण तेथली हवाच मुळी हायड्रोजन व हेलियमची! तिच्याहून हलके व्हायचे तर आत निव्वळ हायड्रोजन ठेवावा, नाहीतर तो तापवावा. म्हणून त्यांचे प्राणी कित्येक किलोमीटर रुंदीचे. कल्पना बेफाट, पण गणिताला धरून.

आपल्याकडे पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे जीव येऊन पडतात. त्या फुग्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. हवेहून हलका, पण नाममात्र. त्याने हा जीव उडत नाही. पाण्यावर तरंगतो आणि फुग्याचे शीड करून वारा नेईल तिकडे जातो. दिसला तर हात मात्र लावू नका. त्याच्या दोऱ्यांचा दंश भारी झोंबतो.