गंजलेला नट आणि आपली घाई



पेरणीच्या दिवसांत जीपच्या चाकाचा नट अडकला की आपण पान्याला पाइप लावून झोंबतो. बोल्ट तुटतो, तालुक्याच्या फेरीत वाफसा जातो.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे आवळले जातात. तिथं नुसता जोर चालत नाही.

आधी तारेच्या ब्रशनं आटे घासू. डिझेलमध्ये ऑइल मिसळून थेंब सोडू, रात्रभर मुरू देऊ. मग त्या नटाला आग दाखवायची नाही. सकाळी चाक जमिनीवर असतानाच, मापाचा रिंग पाना लावून नट किंचित आवळू, मग सोडवू. पुन्हा आवळू, पुन्हा सोडवू. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, तेही पाहू.

एक रात्र थांबलो तर बोल्ट वाचतो, पेरणीही.