औंधचा राजा आणि हंगेरीचा उमराव

(कामशेत येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



राजेरजवाड्यांच्या चरित्रांशी समाजवादी कार्यकर्त्याला काय कर्तव्य, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु सत्ताधारी वर्गातीलच एखादा पुरुष स्वहस्ते आपली सत्ता सोडतो, तेव्हा त्या त्यागाचे मोल आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तपासणे अगत्याचे ठरते.

मिहाय कारोयी हा हंगेरीतील बड्या जमीनदार घराण्यातील काउंट. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 31 ऑक्टोबर 1918 रोजी, तो पंतप्रधान झाला आणि पुढे प्रजासत्ताकाचा अध्यक्ष. 23 फेब्रुवारी 1919 रोजी कापोल्ना येथे त्याने स्वतःच्याच जमिनीपासून वाटपास आरंभ केला. तथापि महिन्याच्या आत, दोस्त राष्ट्रांच्या निर्वाणीच्या मागणीपुढे त्याचे सरकार कोसळले. बेला कुनच्या राजवटीने मोठ्या जमिनी वाटण्याऐवजी सरकारजमा केल्या. नंतरच्या होर्टी राजवटीने कारोयीला देशद्रोही ठरवून त्याची मालमत्ता जप्त केली. 1946 मध्ये तो मायदेशी परतला, पॅरिसमध्ये राजदूत झाला; पण 1949 च्या राइक खटल्याच्या निषेधार्थ त्याने तेही पद सोडले. 1955 मध्ये फ्रान्समध्येच त्याचे देहावसान झाले.

महाराष्ट्रात याच्याशी ताडून पाहावा असा पुरुष म्हणजे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. 72 गावांचे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले त्यांचे संस्थान. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा त्यांनीच दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सूर्यनमस्कारांचा प्रचारक म्हणून ते ख्यातनाम आहेत. पण त्यांचे खरे धाडस राजकीय होते. 1938 मध्ये त्यांनी प्रजेला सत्ता सोपविण्याचा मनोदय जाहीर केला. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या खटपटीने, गांधीजींच्या सल्ल्याने, जानेवारी 1939 मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. ग्रामपंचायत हा तिचा पाया; गावातून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ, अशी तिची रचना होती. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे भिंतींविना तुरुंग उभा राहिला. 1942 नंतर प्रतिसरकारच्या भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळाला, हेही विसरता येणार नाही.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती घटनाही इतिहासजमा झाली. कारोयीचे वाटप एका मोठ्या उलथापालथीत वाहून गेले. औंधचा प्रयोग स्वतंत्र भारताच्या चौकटीत विरून गेला. कारणे भिन्न, निष्कर्ष एकच: वरून दिलेली सत्ता देणाऱ्याच्या आयुष्याहून फार काळ टिकत नाही, खालून संघटित शक्तीने ती धरून ठेवावी लागते.

हा धडा मावळच्या शेतकऱ्याला कुणी पुस्तकातून शिकवावयास नको. शेजारच्या मुळशीत 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी सत्याग्रह झाला, तेव्हा कोणताही उदार राजा मदतीस आला नव्हता. कामशेतनजीक बऊर येथे 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वेळी तर राज्य लोकनियुक्त होते!

भवानराव आणि कारोयी यांना आदराने वंदन करावे. पण त्यांच्यासारख्यांची वाट पाहत बसू नये. औंधच्या घटनेने ग्रामसभेला जे स्थान देऊ केले, ते मावळच्या गावागावांत लोकांनी स्वतः कमवावयाचे आहे. सनद कागदावर मिळते; अधिकार मात्र वापरल्यानेच आपला होतो.