फोन कुणाचा?

(शहापूर-मुरबाडच्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी फोनवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, पाणी, रेशन, वनपट्टे सोडून हिला हे काय सुचलं! पण ऐका.

आपल्याकडे घरात तारेचा फोन म्हणजे मोठ्या घरची गोष्ट. किन्हवली, डोळखांब, टोकावडे, सरळगावला बाजारात एसटीडीची पिवळी पाटी असायची, नाहीतर गावात सरपंचाकडे किंवा किराणावाल्याकडे एखादा फोन. माहेरचा फोन आला की पोरगं धावत यायचं, "काकी, फोन आलाय, पुन्हा लावणार आहेत." बाई हात पुसत जायची आणि ओटीवर बसलेल्या चार माणसांसमोर बोलायची. सासूचं नाव काढायची सोय नव्हती. 'बरी आहे' एवढंच. त्या 'बरी'च्या आवाजावरून आई काय ते ओळखायची. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण तो फोन भिंतीला बांधलेला होता, कुणाच्या खिशात बसून कामावर जात नव्हता.

देशात मोबाइल 1995 साली आला, 2003 पासून येणारा फोन फुकट झाला, 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालं. सोय झाली, नाही कशाला म्हणू? दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली लेक आता आईशी बोलते. बाळंतपणाला 108 ची गाडी बोलावता येते, रेंज असेल तर.

पण घरात फोन एकच असेल तर तो कुणाच्या खिशात असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये देशात स्वतः वापरता येईल असा फोन 54 टक्के बायकांकडे होता. बाकीच्या मागून घेतात. आणि मागून घेतलेला फोन परत देताना त्यात कुणाला लावला ते दिसतं. 181 लावला तर तेही दिसतं. म्हणून मी सांगते, मदतीचा फोन शेजारणीच्या फोनवरून लावा.

मुरबाडच्या धसईला 2016 च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून गाजावाजा झाला. तेव्हा दुकानात कार्ड घासायचं होतं. आता पैसा फोनमध्येच. फोन ज्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात. लाडक्या बहिणीचे दीड हजार घ्या. खातं बाईचं, पण 2025 मध्ये केवायसी आली तेव्हा नवऱ्याचा किंवा बापाचाही आधार आणि त्याच्या फोनवरचा ओटीपी मागितला. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलंय, तिनं तो आकडा कुणाकडे मागायचा? योजना बाईची आणि किल्ली पुरुषाकडे, हा कुठला न्याय?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, बाईला घरातल्या हक्काच्या सोयी वापरू न देणं ही आर्थिक हिंसा धरली आहे. आपण फोनही त्यात धरायचा. नवऱ्यानं फोन हिसकावला, फोडला, तर तक्रारीत तारखेसकट लिहायचं. 'किरकोळ भांडण' म्हणून सोडायचं नाही.

आणि आधी एक काम करू. आपल्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय ते प्रत्येकीनं बघायचं. नवऱ्याचा असेल तर केंद्रावर जाऊन आपला जोडून घ्यायचा. आपला अंगठा लागतो, त्याची सही लागत नाही. पुढच्या बाजाराला शहापूरला ज्यांना जायचं असेल त्यांनी इथेच नावं द्या, एकत्र जाऊ.