घरात हात उगारणारे मूल
(वार्षिक संमेलनातील भाषण)



चालकांनी आम्हांस ‘मुलांवरील संस्कार’ हा विषय दिला होता. त्याचा पसारा फार मोठा. म्हणून त्यातील एकच कोपरा आम्ही निवडला आहे, आणि तो असा की ज्याविषयी आपल्या मंडळीत चारचौघांत कोणी बोलत नाही. काही घरांत सात-आठ वर्षांचे मूल रागाच्या भरात आईला मारते, चावते, ताट भिरकावते, धाकट्या भावंडाच्या अंगावर धावून जाते. आईच्या दंडावर वळ उठलेला असतो. ती लांब बाह्यांचे पोलके घालून हळदीकुंकवास येते. हे बाहेर फुटले तर ‘त्या घराण्यात काही आहे’ अशी कुजबुज होईल आणि थोरल्या मुलीचे लग्न अडेल, या धास्तीने सारे घर मुके होते.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. मानसशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु छत्तीस वर्षे मुलांत काढली, आणि निवृत्तीनंतर या प्रश्नावर मिळेल ते वाचले. त्या शिदोरीवर बोलत आहोत.

पालक प्रथम विचारतात, ‘गुरुजी, हाच मुलगा शाळेत गाईसारखा गरीब असतो, मग घरीच असे आकांडतांडव का?’ आणि लगेच स्वतःच उत्तर देतात, ‘आमचे लाड नडले.’ हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. मूल दिवसभर शाळेत स्वतःला कसेबसे आवरून धरते. तो ताण घरी सुटतो, कारण काहीही केले तरी आई आपल्याला टाकणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. मग दोष मात्र त्याच आईच्या पदरात पडतो. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात प्रत्येक आईला त्या मापाने मोजण्याची खोड लागली आहे. वडिलांना मोजावयाचे माप अद्याप कोणी काढलेले नाही!

‘हा मारायला कोठे शिकला?’ हा प्रश्नही उलटा आहे. माँट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांचा लहानपणापासून वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांना आढळले की, मारणे, ढकलणे हे दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वांत अधिक असते व पुढे बहुतेकांत ओसरत जाते. म्हणजे मूल मारण्यास शिकत नाही. न मारण्यास शिकते. तेव्हा विचारावयाचे ते हे की, याचे शिकणे कोठे अडले? कोणाला बोलून दाखविता येत नाही, कोणाला नीट ऐकू येत नाही, कोणाची झोप पुरत नाही. कोणाला अक्षरे लागत नाहीत आणि दिवसभराचा अपमान तो घरी आणतो. कोणाची चंचलता वा स्वमग्नता ओळखलेलीच नसते. आणि कोणी घरात मोठ्यांचाच हात उठताना पाहत असतो.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेतील ऑरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी निरीक्षक बसवून कोण काय बोलले, मग दुसऱ्याने काय केले, याच्या बारीक नोंदी घेतल्या. १९८२ साली त्यांनी ते पुस्तकरूपाने मांडले. त्यांचे म्हणणे आपल्या घरच्या भाषेत सांगतो. आई मोबाईल मागते. मूल ओरडते. आई पुन्हा मागते. मूल ताट फेकते. आजी म्हणते, ‘दे बाई एकदाचा!’ मोबाईल मिळतो आणि घर शांत होते. मूल शिकले की ताट फेकावे. आजीही शिकली की देऊन टाकावे. पुढच्या वेळी सुरुवातच ताटापासून होते. वडिलांनी येऊन थोबाडीत दिली तरी क्षणभर शांतता होते, आणि वडील शिकतात की थप्पड लागू पडते! असे सर्वजण एकमेकांना तालीम देत असतात, आणि कोणालाच त्याचा पत्ता नसतो.

यातून सुटका आहे, पण ती भर वादळात नाही. तेव्हा धाकट्याला दुसऱ्या खोलीत न्यावे, फेकण्याजोगे व धारदार जिन्नस दूर करावे, आवाज खाली आणावा, दोन शब्दांहून अधिक बोलू नये. उपदेश तर नकोच. त्या क्षणी तो कानात शिरत नाही. मागितलेली वस्तू मात्र देऊ नये. तासाभराने मूल निवले की जवळ घेऊन बोलावे. राग आला असता त्याने हात आवरला, पाय आपटून भागविले, तर तेवढ्याचेही तत्काळ कौतुक करावे. नियम दोन-तीनच असावेत; पण ते आजोबा, काका, मावशी सर्वांनी एकच पाळावेत. एक इशारा देऊन ठेवतो. देणे थांबविल्यावर पहिले काही दिवस आदळआपट वाढते. तेथेच बहुतेक घरे हार खातात, आणि मग मूल आणखी जोराचे शिकते.

मारूनच मूल सुधारते म्हणणाऱ्यांना स्मरण देतो की, गिजुभाई बधेका यांनी भावनगरास १९२० साली बालमंदिर काढले ते छडीवाचून. ताराबाई मोडक त्याच कार्यात वाढल्या आणि पुढे त्यांनी ते बोर्डी-कोसबाडपर्यंत नेले. शाळेत शिक्षा करणे २००९ च्या कायद्याने वर्ज्य झाले आहे. स्वीडनने १९७९ सालीच घरातील मारही वर्ज्य केला.

दृष्ट काढावयाची तर काढा. मीठ-मोहऱ्या स्वस्त आहेत. पण दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा, कान-डोळे तपासून घ्या, वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे नाव मागा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ दूरध्वनीसेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते व पैसे पडत नाहीत. मूल स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा करू लागले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कार्यकारिणीस आमची एक विनंती आहे. या सभागृहामागील लहान खोली महिन्यातून एका रविवारी दुपारी अशा आईबापांना बसण्यासाठी उघडी ठेवावी. भाषण नको, हारतुरे नकोत, आणि नावांची नोंदवही तर मुळीच नको. चहाचा खर्च आमच्याकडे.